नाळ कापणारीचं सूप

माझे गुडघे वाकले. नंतर जो तमाशा व्हायचा तो झाला, त्याचं मला काही वाटत नाही. पण गुडघे वाकले याचा संताप अजून डोक्यातून जात नाही. मी नागपुरात, धंतोलीत, उत्तराबाईंच्या प्रसूतिगृहात नर्स. चाचणीचा महिना चालू होता आणि तो उद्याच संपायचा होता. सकाळची इंजेक्शनं आटोपून मी कोपऱ्यातल्या खोलीत थर्मामीटर घेऊन शिरले. खाटेवर गोपिका, पहाटेच बाळंत झालेली, कुशीत मुलगा. पारशिवनीजवळच्या, आमच्याच गावच्या मालगुजारांची सून. मालगुजारी केव्हाच गेली, पण गावात त्यांना अजून मालगुजारच म्हणतात. तिची सासू वच्छलाबाई स्टुलावरून उठली, भिंतीला टेकवलेलं सूप घेतलं, माझ्यापासून दोन हातांवर फरशीवर ठेवलं आणि पदर सावरत मागे सरली. सुपात तांदूळ, नारळाची वाटी, सुपारी, आणि घडी घातलेलं एक जुनं लुगडं. "घे वं," ती म्हणाली. "इंदू दाईची पोट्टी न तू? काल आल्यापासून पाहून राहिली मी. नाक-डोळे तेच." आणि माझे गुडघे वाकले. मला न विचारता! कमरेपर्यंत मी खाली गेले होते, उजवा हात पुढे निघाला होता, तेव्हा मला माझेच पांढरे बूट दिसले. मी तशीच पुढे वाकून बुटाचा पट्टा आवळला, जसं काही त्याचसाठी वाकले होते, आणि उभी राहिले. म्हटलं, "सूप उचला इथून, फरशी पुसायची आहे. आणि मला सिस्टर म्हणायचं." मला वाटलं होतं म्हातारी भडकेल. ती भडकली नाही. तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला, आणि तिनं आधी माझ्याकडे नाही, नातवाकडे पाहिलं.

ड्यूटी रूममध्ये स्टोव्हवर सिरिंजा उकळत होत्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. बघण्यासारखं काही नव्हतं, काचा खुळखुळत होत्या, एवढंच. पण मला तिथून हलता येईना. डेटॉलच्या वासात कुठून तरी ओव्याच्या धुरीचा वास यायला लागला, आणि धंतोलीत ओव्याची धुरी कोण देतं? माझ्या मायचा वास तो. माय दाई होती. आमच्या गावात कोणाच्याही घरी बाई अडली की आमच्या वस्तीबाहेर चिंचेपाशी गडी उभा राहून हाक मारायचा. आत पाऊल टाकायचा नाही. माय हातातलं काम टाकून निघायची, मी तिच्या मागे. एरवी जिची सावली पडू नये म्हणून बाजूला व्हायचे तिला त्या वेळेपुरतं थेट घराच्या पोटात घ्यायचे. कारण नाळ कापायला घरातली कोणी हात लावायची नाही. बाळ ओढून काढायला सासू, आत्या, मावशी कोणीही पुढे. नाळ कापायची म्हटलं की सगळ्या भिंतीला. मग माय. सगळं उरकलं की तिनं मागच्या दारानं यायचं, अंगणाच्या कडेला थांबायचं, आणि घरातली मोठी बाई सूप आणून जमिनीवर ठेवायची. माय वाकायची, तांदूळ पदरात ओतून घ्यायची. रीत अशी की नाळ कापणारीनं सूप उचललं म्हणजे बाळंतपणाचा विटाळ तिच्यासोबत घराबाहेर गेला, बाळाला धोका नाही. म्हणजे आम्ही तांदूळ नेत नव्हतो, यांची बला नेत होतो. तांदूळ आपला वाहतुकीचा. हे आता कळतं. तेव्हा मला ते सूप फार आवडायचं! मी अंगणात बसून बाळाच्या रडण्याची वाट बघायची, कारण बाळ रडलं की खोबरं. मायच्या आधी मी वाकायची आणि नारळाची वाटी उचलायची. घरी जाताना दातांनी खरवडत जायची. गुडघे तिथंच शिकले, त्यांना काय माहीत मध्ये काय काय झालं ते.

मध्ये छप्पन साल झालं. माय आणि बा पांढरे कपडे घालून दसऱ्याला दीक्षेसाठी नागपूरला आले, मला बाच्या खांद्यावर बसवून. मला त्यातलं एवढंच आठवतं की जिकडे पाहावं तिकडे पांढरं, आणि बाच्या डोक्याला घाम. परत गेल्यावर थोड्या दिवसांनी चिंचेपाशी हाक आली. मालगुजारांच्याच घरची बाई अडली होती. माय चुलीपुढे बसली होती, ती उठलीच नाही. बसल्या जागेवरून ओरडली, "आता नाही. दुसरी पाहा." गडी म्हणाला, "अवं इंदू, बाई मरून राहिली तिकडं!" माय म्हणाली, "मंग दवाखान्यात न्या न. बंडी तुमच्याकडं, बैल तुमच्याकडं. मले काहून बोलावता?" तो गेला. माय भाकरी थापत राहिली, पण भाकरी तीनदा फाटली. त्या घरची बाई वाचली, बंडीतून पारशिवनीला नेली म्हणून वाचली. पण गावानं आमचं काम बंद केलं, विहिरीचा रस्ता बंद केला, दुकानदार मीठ देईना. आम्ही नागपुरात इंदोऱ्याला आलो. बा मिलमध्ये लागला, माय बिड्या वळायला बसली. त्यानंतर मायनं कोणाचीही नाळ कापली नाही. शेजारीण दारात येऊन रडली तरी नाही. तिला ते काम इतकं चांगलं येत होतं, याचाच तिला राग होता असं मला वाटतं. आणि अशा बाईच्या पोटची मी, मी नर्स झाले! हसावं का रडावं सांगा. प्रवेश मिळाल्याचं मी सांगितलं तेव्हा मायनं हातातलं तेंदूपान खाली ठेवलं. "मास्तरीण हो," म्हणाली, "टायपिंग शीक, भाजी वीक. नाळच कापायची होती तं आम्ही गाव काहून सोडलं?" मी म्हटलं, "माय, आता तसं नाही. आता पगार भेटते." ती म्हणाली, "अन् म्हणतीन काय तुले? दाईच न?" मी म्हटलं, "सिस्टर म्हणतीन." मायनं पान उचललं, कात्रीनं कापलं, तंबाखू भरली.

पण सिस्टर म्हणवून घ्यायला आधी नोकरी लागावी लागते, आणि नोकरी कशी लावायची हा धडा नर्सिंगच्या कोणत्याच पुस्तकात नाही. सरकारी भरती बंद होती. एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड नवं करून करून कापडासारखं मऊ पडलं. शेवटी सिंधूताईनं मला हाताशी धरलं. सिंधूताई हॉस्टेलवर माझ्या पुढे होती, आता सरकारी इस्पितळात पक्की झालेली, आमच्याच गल्लीत राहते. बोलते अशी की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप सरळ होते. "मुलाखतीले जाशीन तं कांजीची पांढरी साडी," ती म्हणाली. "केस आवळून. घड्याळ सेकंदकाट्याचं. डॉक्टरनं तोंड उघडायच्या आधी तूच विचार, तुमच्याकडं हत्यारं वाफवायचा ऑटोक्लेव्ह आहे का जी? तो तिथंच अर्धा होते. गाव विचारलं, सांग नागपूर. नागपुरात कुठं? हॉस्टेलात. अन् आडनाव विचारलं तं—" इथं ती थांबली. सिंधूताई कधी थांबत नाही. "तं प्रेमिला आनंदराव सांग. गजभिये पोटात ठेव. पक्की ऑर्डर हातात पडली का मंग काढ बाहेर." मी म्हटलं, "अन् नाही ठेवलं पोटात तं?" ती म्हणाली, "मंग फीर घरोघर." मी फिरले. धंतोलीत पाटी नाही असं दार नाही, अख्ख्या विदर्भाचं दुखणं तिथं येऊन उतरतं. एका दवाखान्यात माझं सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं, आडनाव ऐकलं आणि म्हणाले, कळवतो. अजून कळवताहेत. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, नर्सची जागा भरली, आयाची रिकामी आहे, करता का? मी म्हटलं, तुमची कंपाउंडरची रिकामी असेल तर तुम्ही करा, आणि निघाले. सिंधूताईनं कपाळाला हात लावला. तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी उत्तराबाई भेटल्या. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं, किती बाळंतपणं पाहिलीस, किती केलीस, पायाळू आलं तर काय करशील. मी सगळं सांगितलं आणि उठताना, कोणी न विचारता, म्हटलं, "माझं आडनाव गजभिये." बाई म्हणाल्या, "बरं. उद्यापासून येतेस?" मी तिथंच त्यांच्यावर भाळले. खोटं कशाला सांगू, महिनाभर मी त्या बाईची भक्त होते. आणि मला काय पाहिजे तेही सांगते. मला सिस्टर ट्यूटरचा कोर्स करायचा आहे. मला मुली शिकवायच्या आहेत, फळ्यासमोर उभं राहून. त्या कोर्सला लेबर रूममधल्या पक्क्या नोकरीचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. चाचणीचे महिने कितीही जोडा, चालत नाहीत. बाईंनी कायम केलं तर माझा रस्ता मोकळा. नाही केलं तर पुन्हा कांजीची साडी आणि धंतोलीची दारं.

हे सगळं सिरिंजा उकळेपर्यंत डोक्यातून गेलं, आणि आया येऊन म्हणाली, "बाईनं बोलावलं." केबिनमध्ये रुपराव बसले होते, वच्छलाबाईचे मालक. डोक्याला पांढरा फेटा, पायात करकरते जोडे, पण खुर्चीच्या काठावर बसलेले, इस्पितळात सगळीच माणसं बसतात तसे. पारशिवनी तालुक्यातली निम्मी बाळंतपणं या माणसाच्या शब्दावर बाईंकडे येत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. "पोरी," ते म्हणाले, आवाज चढवला नाही, "आमचं काही चुकलं का? तुह्या मायले आम्ही कधी वाईट बोललो नाही." मी म्हटलं, "वाईट बोलला नाही. मीठ बंद केलं."  बाई मध्ये पडल्या. बाईंचा आवाज गोड आहे, भूल देताना बायका अर्ध्या त्या आवाजानंच झोपतात. "प्रेमिला, हे बघ," त्या म्हणाल्या, "मला तरी हे पटतं का? अजिबात नाही. पण गोपिकेचं पहिलं बाळ गेलं, माहीत आहे ना तुला?" मला माहीत नव्हतं. रुपराव सांगायला लागले. पहिल्या वेळी घरीच झालं. गावात दाई उरली नव्हती, लांबच्या एका नातेवाइकणीनं विळ्यानं नाळ कापली. ती नात्यातली, ती कशाला सूप उचलते? सूप तसंच अंगणात राहिलं. आठवड्याच्या आत बाळ आकडलं, दात खिळले, गेलं. "तवापासून म्हातारीच्या मनात बसलं," रुपराव म्हणाले, "का सूप नाही उचललं म्हणून गेलं. विटाळ घरातच राह्यला." मी म्हणणार होते की विळ्याच्या गंजानं गेलं, धनुर्वातानं गेलं. पण त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता, आणि मला त्यांचा राग धरून ठेवायला जड जायला लागलं. हेच मला नको होतं. राग सुटला की माझ्याकडे दुसरं काय आहे?

"उचलून टाक ना गं," बाई म्हणाल्या. "कुठं बिघडतं? बाळंतिणीच्या मनाला बरं वाटेल, दूध येईल. तांदळाला कसला आलाय विटाळ? आपण शिकलेल्या बायका." आपण, म्हणाल्या. मग जरा पुढे झुकून, हळू, "उद्या तुझी ऑर्डर टाइप करायला सांगितली आहे मी. उगाच एवढ्याशा गोष्टीसाठी." उगाच, एवढ्याशा.  उचललं तर काय होतं, मी मनात म्हटलं. पाव मिनिटाचं काम. मागच्या दारी जाऊन आयाला देऊन टाकायचं. मायला कळणार नाही. दोन वर्षं, मग कोर्स, मग फळा, मग माझ्यासमोर पन्नास मुली पांढऱ्या कपड्यांत, आणि मी त्यांना शिकवीन नाळ कशी कापायची; आणि त्यांतली एखादी इंदोऱ्याची असेल, तिच्यापुढे कोणी सूप ठेवलं तर काय करायचं तेही शिकवीन का? काय शिकवीन? की वाक पोरी, ऑर्डर टाइप व्हायची आहे? तोंडात खोबऱ्याची चव आली. बाईंना वाटलं मी विचार करते आहे. त्या म्हणाल्या, "चल, मी येते तुझ्याबरोबर." म्हणजे मी उचलते की नाही ते बघायला.

खोलीत सूप तसंच होतं, फरशीच्या मधोमध. वच्छलाबाई त्याच्या पलीकडे उभी, मुठी आवळून. गोपिका उठून बसली होती, बसू नये तरी. तिला टाके होते. तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता, ताप असावा, आणि माझं थर्मामीटर लावायचं राहूनच गेलं होतं. "सिस्टर," ती म्हणाली. सासू दाई म्हणाली होती, ही सिस्टर म्हणाली, आणि म्हणून तिला नाही म्हणणं जास्त कठीण. "सिस्टर, उचला न. मी तुमच्या पाया पडते. पहिलं गेलं माझं. हे जाऊ देऊ नका." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज नव्हता. मला तिची इतकी कीव आली! आणि त्याच दमात मी मनात म्हटलं, खड्ड्यात जा सगळे. माझ्या हातावर तिचा हात होता, मी त्या हातांकडे बघत होते, माझ्या हाताकडे, आणि विचार करत होते की पहाटे याच हातानं, याच हातानं मी, आणि तिथं मी अडखळले. पहाटे याच हातानं मी काय केलं होतं?

मी पुन्हा पहाटेत गेले. डोकं बाहेर आलं होतं, पुढे सरकत नव्हतं. मानेला नाळेचे दोन वेढे, घट्ट, सैल होत नव्हते. चेहरा जांभळा. बाई धावत आल्या, मला बाजूला सारलं, म्हणाल्या, "क्लॅम्प!" नाळ दाबायचा चिमटा मी दिला. दुसरा दिला. "कात्री!" दिली. दिली! माझ्या हातात त्यानंतर बाळ होतं, त्याच्या तोंडातला चिकटा ओढून काढायची नळी होती, मी त्याच्या तळपायांवर टिचक्या मारत होते आणि ते रडत नव्हतं, रडत नव्हतं, आणि रडलं. कात्री माझ्या हातात नव्हती. नाळ मी कापलीच नव्हती! आणि सकाळपासून मी त्या सुपावरून जीव जाळत होते, मायचं आयुष्य उकरत होते, उचलू की नको करत होते. एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे सूप माझं नाहीच. म्हातारीनं पाहिलं माझं नाक आणि ठरवलं, हिनंच कापली. बाईंनी स्वतः कापली आणि त्याही विसरल्या. त्या विसरल्या, ते एक समजू शकते. पण मी कशी विसरले? मला इतकं हसू यायला लागलं की गालाच्या आतून चावावं लागलं. हसू होतं की काय होतं, डोळे भरले एवढं खरं.

"गोपिकाबाई," मी म्हटलं, "सूप माझं नाही." वच्छलाबाई म्हणाली, "तुहं नाही तं कोणाचं वं?" मी म्हटलं, "मी इंदू दाईची पोरगी, हे खरं. तुमच्या घरातले किती जण तिच्या हातचे आहेत ते तुम्हीच मोजा. पण याची नाळ मी नाही कापली. याची नाळ उत्तराबाईंनी कापली. गळ्यात वेढा होता, त्यांनी कापली म्हणून हे पोरगं जगलं. तुमची रीत नाळ कापणारीची आहे ना? मग सूप त्यांचं."  "कायच्या काय!" वच्छलाबाई म्हणाली. "बाई कायले नाळ कापतीन? बाईले तं आम्ही सकाळीच दिलं, ताटात, नवी साडी, कुंकू लावून हातात दिलं." "ती डॉक्टरकीची साडी," मी म्हटलं. "हे नाळेचं." रुपराव बाईंकडे वळले. "खरं हाय का जी, बाई?" बाई खोटं बोलू शकल्या असत्या. माझी बाजू घ्यायला तिथं कोण होतं? पण त्या बोलल्या नाहीत खोटं, एवढं मी त्यांचं मानते. म्हणाल्या, "हो, म्हणजे, तशी वेळच आली होती. कोणी कापली याला काय महत्त्व आहे?" म्हातारी म्हणाली, "महत्त्व कसं नाही!" आणि तोंडावर हात ठेवला.

तेव्हा गोपिकेनं माझा हात सोडला. तिनं खाटेवरून वाकून, टाके ओढले जात असतील त्याची पर्वा न करता, बाईंचा हात धरला. अगदी तसाच. "बाई, मंग तुम्ही उचला न," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. पहिलं गेलं माझं." तिला कोण बामन, कोण बौद्ध, काही घेणं नव्हतं, जिनं कापली तिनं न्यावं, बस्स. "मी?" बाई म्हणाल्या. "मी गं कशी—" आणि थांबल्या. वाक्य पुरं करता येत नव्हतं, कारण पुरं केलं असतं तर ते आम्हा सगळ्यांसमोर पुरं झालं असतं. त्यांनी रुपरावांकडे पाहिलं, त्यांनी मान फिरवली. वच्छलाबाईकडे पाहिलं. म्हातारी नातवाकडे बघत होती, आणि अखेर खालच्या मानेनं म्हणाली, "घ्या न, बाई. लेकराचा जीव हाय." मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला दया दाखवता आली असती. आयाला हाक मारता आली असती, काहीतरी सारवासारव करता आली असती. महिनाभर मी त्यांच्यासाठी तेच करत होते. मी म्हटलं, "कुठं बिघडतं, बाई? तांदळाला कसला आलाय विटाळ?" त्यांचे कान लाल झाले. त्यांनी एका हातानं खाटेची कड धरली, दुसऱ्या हातानं साडीच्या निऱ्या सावरल्या, खाली वाकायला त्यांना बराच वेळ लागला. सूप वाकडं उचललं गेलं, थोडे तांदूळ फरशीवर सांडले. गोपिकेनं डोळे मिटले आणि उशीवर पडली.

व्हरांड्यात बाई माझ्या पुढे चालत होत्या, सूप छातीशी धरून. बाकावर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. खेड्यातल्या होत्या त्यांना सूप काय ते कळलं, आणि त्या बाईंकडे ज्या नजरेनं बघायला लागल्या ती नजर मी ओळखते, ती मी जन्मापासून ओळखते. ड्यूटी रूमच्या दाराशी बाई वळल्या. "हे धर," म्हणाल्या. मी हात पाठीमागे नेले. "प्रेमिला, धर म्हणते ना." मी म्हटलं, "नाही, बाई." त्यांनी सूप पुन्हा छातीशी धरलं. आवाज गोड नव्हता आता, आवाजच नव्हता फारसा. "संध्याकाळी ऑफिसमधून पगार घेऊन जा," म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस."   फळा, खडू, पन्नास मुली, सगळं एका क्षणात व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभं राहिलं. सिंधूताई काय म्हणेल ते मला तिथंच ऐकू आलं. पण आवाज फुटला तो नीट फुटला. "येत नाही," मी म्हटलं. "पण कारण लिहून द्या." "कसलं कारण?" "मला काढण्याचं. काम वाईट, की वेळेवर येत नाही, की सूप उचललं नाही. जे असेल ते, तुमच्या सहीनं. मला ते घेऊन पुढच्या दवाखान्यात जायचं आहे. तिथं मी तेच पहिल्यांदा दाखवीन, आडनावाच्या आधी." बाईंचे ओठ हलले. मला वाटतं त्या मनातल्या मनात ते कारण लिहून बघत होत्या, आणि ते काही केल्या कागदावर बसत नव्हतं.

तेवढ्यात लेबर रूममधून किंकाळी आली आणि आया पळत आली. "सिस्टर, चला लवकर, आतल्या बाईचं पाणी गेलं! बाई—" आणि बाईंच्या हातातलं पाहून ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मी बाह्या वर केल्या. संध्याकाळ व्हायला वेळ होता आणि तोवर लेबर रूम माझी होती. बाई सूप घेऊन तशाच उभ्या, ठेवायला जागा शोधत. टेबलावर ठेवावं तर उकळलेली हत्यारं, खाली ठेवावं तर पुन्हा फरशी. मी दार ढकललं आणि आत जाता जाता वळून सांगितलं, "बाई, ते कुठं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. अन् आत यायच्या आधी हात धुऊन या."